खिडकीमागचं सेलू

देवगाव फाट्यावर रेल्वे कधी आली नाही. जालना-मंठ्याकडून येणारा रस्ता इथे फुटतो; एक वाट जिंतूरकडे जाते, दुसरी सेलूकडे. मंठ्यात स्टेशन नाही, जिंतुरात नाही. त्यामुळे या पट्ट्यातल्या माणसाला मुंबई, हैदराबाद किंवा नांदेड गाठायचं म्हटलं की आधी सेलू गाठावं लागतं. फाट्यापासून सेलू वीसेक किलोमीटर. वाटेत मोरेगावजवळ दुधना नदीचा पूल लागतो आणि पावसाळ्यात कधी कधी तोच वाट अडवतो. माझा जन्म या फाट्यालगतच्या घरातला, आणि नोकरीचा बराच काळ गेला तो सेलू स्टेशनच्या तिकीट खिडकीमागे. आधी प्रवासी म्हणून आणि नंतर रेल्वेचा माणूस म्हणून मी हे स्टेशन पाहिलं. ते केवढं आहे हे मला फलाट बघून कधीच कळलं नाही. कळलं ते खिडकीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसांकडून. कोण किती लांबून आलंय, कशासाठी चाललंय आणि पदरात किती पैसे बांधून आलंय, हे त्या दीड हाताच्या चौकटीतून रोज दिसायचं.

हा मार्ग निजामाच्या काळातला. निजामाच्या राज्यात वाडी ते सिकंदराबाद अशी पहिली रेल्वे १८७४ मध्ये धावली. मराठवाड्याला मात्र आणखी पाव शतक वाट पाहावी लागली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने सिकंदराबाद ते मनमाड हा ३९१ मैलांचा मीटरगेज मार्ग १९००च्या आसपास टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यामागे कापसाचा विचार मोठा होता. आमची जमीन काळी आणि कापूस चांगला, पण तो बंदरापर्यंत न्यायचा कसा हा प्रश्न होता. रूळ आले आणि जालना, सेलू, परभणी, नांदेड अशा गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. सरकी काढलेली रुई दाबून बांधलेल्या गठाणी बैलगाड्यांतून मालधक्क्यावर यायच्या. मनमाडला छोटी लाइन संपून मोठी लाइन सुरू व्हायची, म्हणून तिथे प्रत्येक गठाण हमालांच्या हातांनी एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जायची. माणसांचंही तेच. रात्री-अपरात्री लेकरं, ट्रंका, गाठोडी सावरत लोक मनमाडला गाडी बदलायचे. आमच्याकडच्या मागच्या पिढीला मुंबईचा प्रवास आठवतो तो मनमाडच्या त्या धावपळीसकट.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत स्टेशनवर एक म्हातारे हमाल यायचे. त्यांचं काम कधीच सुटलं होतं, पण दुपारी बाकावर येऊन बसायची सवय सुटली नव्हती. त्यांनी निजामी अंमल पाहिलेला. ते हाली आणि कलदार रुपयाचा हिशेब सांगायचे. हाली म्हणजे निजामाचं नाणं, कलदार म्हणजे इंग्रजांचं. सात हाली दिले की सहा कलदार मिळत, असा ढोबळ भाव. मनमाड इंग्रजी मुलखात, सेलू निजामी मुलखात. त्यामुळे तिकडे जाणाऱ्याला कमरेला कलदार बांधावे लागायचे, आणि सरहद्दीवर करोडगिरीची म्हणजे जकातीची माणसं गाठोडी उसकून बघायची. आज आपण एका तिकिटावर देशभर फिरतो. पण सेलूहून मनमाडला जाणं म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणं होतं, हे मला त्या बाकावर पहिल्यांदा नीट उमगलं. शाळेत हैदराबाद मुक्तिसंग्राम शिकलो होतो. त्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ मात्र त्या म्हाताऱ्यांनी शिकवला.

या मार्गाचे मालक बदलत गेले. कंपनीकडची रेल्वे १९३० मध्ये निजाम सरकारने स्वतःच्या ताब्यात घेतली. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं आणि १९५१ मध्ये निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. २ ऑक्टोबर १९६६ला दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, तेव्हा आम्ही तिच्याकडे गेलो. मी लागलो तेव्हा आमचा कारभार हैदराबाद विभागातून चालायचा. २००३ मध्ये नांदेड हा स्वतंत्र विभाग झाला. कागदांवरचे शिक्के बदलले, पण प्रवाशाला यातलं काही दिसत नव्हतं. त्याच्यासाठी खिडकी तीच, आणि खिडकीत विचारायचा प्रश्नही तोच : गाडी किती वाजता?

तिकीट तेव्हा पुठ्ठ्याचं होतं. सव्वादोन इंच लांब, जेमतेम सव्वा इंच रुंद. इंग्लंडमधल्या थॉमस एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तराने १८३०च्या दशकात ही पद्धत काढली आणि ती जगभर पसरली. त्याआधी कारकून प्रत्येक प्रवाशाला हाताने कागद लिहून देत, आणि त्यात हिशेब लागायचा नाही. एडमंडसनने तिकिटावर छापील अनुक्रमांक आणला, तारीख ठोकायचं यंत्र आणलं आणि हिशेबाचा प्रश्न मिटवला. त्याच पद्धतीचं लोखंडी यंत्र माझ्या उजव्या हाताशी असायचं. भिंतीला लावलेल्या लाकडी कपाटात स्टेशनवार उभे खण. एका बाजूला ढेंगळी पिंपळगाव, मानवत रोड, पेडगाव, परभणी, पूर्णा, नांदेड. दुसऱ्या बाजूला सातोना, परतूर, जालना, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), मनमाड. तिकिटं खणात आडवी रचलेली, सगळ्यात कमी नंबरचं सगळ्यात खाली. बोटाने खालचं तिकीट ओढायचं, यंत्राच्या फटीत सरकवायचं, खट् आवाज होऊन तारीख उमटायची, आणि तिकीट पैशांच्या वाटीत पडायचं. लहान मुलाचं अर्धं तिकीट असेल तर त्याच तिकिटाचा ठरलेला तुकडा कापून ठेवायचा. तो तुकडा हिशेबाला जोडावा लागे, म्हणून जपून ठेवायचा.

पाळी संपली की प्रत्येक खणातल्या खालच्या तिकिटाचा नंबर वहीत उतरवायचा. पाळी सुरू होतानाचा नंबर आणि हा नंबर यांतली वजाबाकी म्हणजे विकलेली तिकिटं. त्याला भाड्याने गुणलं की रक्कम. या वहीला आम्ही डीटीसी म्हणायचो. गल्ल्यातले पैसे आणि वही जुळली की मोकळा श्वास घ्यायचा. नाही जुळली तर कमी पडलेले पैसे स्वतःच्या खिशातून भरायचे, हा नियम. त्यामुळे छुट्ट्या नाण्यांचा हिशेबसुद्धा आम्ही डोळ्यांत तेल घालून करायचो.

जमा झालेली रोकड चामड्याच्या पिशवीत भरायची, सोबत रकमेची चिठ्ठी ठेवायची, तोंड बांधून गाठीवर लाख ओतायची आणि स्टेशनचं पितळी सील दाबायचं. लाख गरम असताना सील दाबलं तर अक्षरं पसरतात. थंड झाल्यावर दाबलं तर उमटतच नाहीत. मधला तो क्षण हाताला शिकावा लागतो. मग गार्डाच्या डब्यात एक जड लोखंडी पेटी असायची, तिच्या तोंडातून पिशवी आत टाकायची. एकदा आत गेली की ती रोकड कार्यालयात पेटी उघडेपर्यंत कुणाला बाहेर काढता येत नसे. सेलू, मानवत रोड, परतूर, अशा एकेका स्टेशनच्या पिशव्या त्या पेटीत जमत जायच्या. फाट्यावरच्या, हातनूरच्या, वालूरच्या माणसाने दिलेली चुरगळलेली नोट त्या पिशवीत असायची. नोकरीतलं हे काम मला सगळ्यात जबाबदारीचं वाटायचं. माणसं विश्वासाने पैसे हातात देतात. ते पोचते झाले पाहिजेत.

ज्या गावाची छापील तिकिटं आमच्याकडे नसायची, त्यासाठी कोरं तिकीट असे. त्यावर गावाचं नाव, मार्ग, अंतर, भाडं हाताने लिहायचं. दर-पुस्तक उघडायचं, जंक्शनपर्यंतचं अंतर, तिथून पुढचं अंतर अशी बेरीज करायची. मागे रांग चुळबुळ करत असायची. एकदा फाट्याकडचा एक तरुण दूरच्या राज्यात कामाला निघाला होता. त्याने हातावर पेनाने गावाचं नाव लिहून आणलं होतं आणि घामाने ते अर्धं पुसलं होतं. सोबत आई होती. मी उरलेल्या अक्षरांवरून दोन-तीन गावं वाचून दाखवली. आई म्हणाली, “साहेब, तुम्हाला बराबर वाटंल ते लिवा, पण माझं लेकरू चुकायला नाही पाहिजे.” मी त्याला ठेकेदाराची चिठ्ठी शोधायला लावली, ती ट्रंकेच्या तळाशी सापडली. तिकीट लिहून दिल्यावर गाडी कुठे बदलायची ते वेगळ्या कागदावर मराठीत लिहून दिलं. या कामाचा नियमपुस्तकात उल्लेख नाही. पण लहान गावातल्या स्टेशनवरच्या कारकुनाचं निम्मं काम हेच असतं, आणि ते नीट झालं तरच उरलेल्या निम्म्याला अर्थ येतो.

खिडकीतून वर्षाचे ऋतू कळायचे. दसऱ्यानंतर कापसाचा पैसा गावात फिरू लागला की तिकिटांची विक्री चढायची. बायका माहेरी निघायच्या, बाजाराला परभणी-जालना व्हायचं, राहिलेली देवदर्शनं उरकायची. कापूस बुडाला की तीच माणसं पुण्या-मुंबईचं एकेरी तिकीट मागायची. एकेरी तिकिटं वाढली की समजायचं, शिवारात काही खरं नाही. १९७२च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. तेव्हा रेल्वेने आलेला मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, आमच्या घरातही शिजली आहे. पुढे खिडकीमागे बसल्यावर प्रत्येक कमी पावसाच्या वर्षी मला ती चव आठवायची आणि एकेरी तिकिटाच्या खणाकडे हात जाताना जड व्हायचा.

पहाटेच्या गाड्यांना वेगळी गर्दी. औरंगाबादच्या घाटी दवाखान्यात निघालेली माणसं ओळखू यायची : हातात एक्स-रेचा मोठा लखोटा, पिशवीत तांब्या आणि भाकरी, आणि रुग्णाला टेकायला कुणाचा तरी खांदा. १९८०च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ औरंगाबादला आलं, तसे जमिनीच्या दाव्याचे कागद फडक्यात बांधलेले शेतकरी आणि काळा कोट हातावर टाकलेले वकील त्याच रांगेत दिसू लागले. पुढे मराठवाडा एक्स्प्रेसला लोक हायकोर्ट एक्स्प्रेसच म्हणू लागले. परभणीला कृषी विद्यापीठ आणि कॉलेजं, तिकडे जाणारी पोरं पास काढायची. पासवाल्या मुली टोळीने यायच्या. एकीने मला सांगितलं होतं, “काका, पास हाय म्हणून शिकू लालोत. बसनं जायचं असतं तर घरच्यांनी धाडलंच नसतं.” महिन्याच्या पासाचं भाडं आणि बसचं भाडं यांतला फरक एका मुलीचं शिक्षण ठरवतो, हे मी खिडकीत शिकलो.

साईभक्तही यायचे. साईबाबांचे गुरू वेंकुशा म्हणजे सेलूचे गोपाळराव देशमुख, असं दासगणू महाराजांनी लिहून ठेवलं, तेव्हापासून भाविकांची पावलं इकडे वळतात. पाथरीला जायचं असलं तर जवळचं स्टेशन मानवत रोड. काही जण दोन्ही ठिकाणं एका फेरीत करतात. आंध्रातून आलेले प्रवासी तेलुगूत विचारायचे, आम्ही हातवाऱ्यांनी रस्ता सांगायचो. आणि अधूनमधून यायचे स्वातंत्र्यसैनिक. हैदराबाद मुक्तिसंग्रामातली ती माणसं सरकारने दिलेला मोफत प्रवासाचा पास धोतराच्या सोग्यातून काढून दाखवायची. मी पास हातात घेण्याआधी उठून उभा राहायचो. ज्यांनी या रुळांवरून निजामाविरुद्ध पत्रकं आणि निरोप नेले, त्या पिढीने खिडकीत उभं राहावं आणि आपण बसून राहावं, हे मला जमलं नाही.

आमच्या लाइनचं मोठं बदलाचं वर्ष म्हणजे रुंदीकरणाचं. मीटरगेज म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. ब्रॉडगेज म्हणजे १,६७६ मिलिमीटर. हा फरक ऐकायला छोटा, पण त्याने मराठवाडा अर्धं शतक मागे ठेवला होता. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने या मागणीसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. मोर्चे निघाले, निवेदनं गेली, दिल्लीच्या वाऱ्या झाल्या. शेवटी १९९०च्या दशकात मनमाडकडून टप्प्याटप्प्याने मोठी लाइन पुढे सरकत आली. कामाच्या काळात गाड्या बंद. फाट्यावरून येणारी माणसं सेलूत येऊन परत जायची, कारण बातमी गावागावांत पोचलेली नसायची. मीटरगेजचे रूळ काढून बाजूला रचलेले मी पाहिले. त्यांवरून आजोबा गेले, वडील गेले, मी गेलो. तरी दुःख झालं नाही. कारण आता सेलूला बसलेला माणूस थेट मुंबईला उतरणार होता. देवगिरी, तपोवन या गाड्या सेलूत थांबू लागल्या आणि मनमाडची ती मध्यरात्रीची धावपळ संपली. पहिल्या काही महिन्यांत लोक खिडकीत दोन-दोनदा खात्री करून घ्यायचे, “बदलायची नाही ना कुठं?” नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, त्याने तो सगळा लढा सार्थकी लागला असं वाटायचं.

मग संगणक आला. खण रिकामे झाले, पुठ्ठ्याची तिकिटं परत पाठवली, तारखेचं यंत्र कोपऱ्यात गेलं. आता एका कळीवर देशातल्या कुठल्याही स्टेशनचं तिकीट निघतं. दर-पुस्तक उघडायला नको, बेरीज नको. माझ्यासारख्या हाताने लिहिणाऱ्या माणसाला ते शिकायला वेळ लागला, पण प्रवाशाचा वेळ वाचला हे खरं आहे आणि तेच महत्त्वाचं. आरक्षणाची खिडकी आल्यावर मंठा, जिंतूरपासूनची माणसं पहाटेच येऊन नंबर लावायची. तात्काळ तिकिटासाठी रात्री फलाटावर झोपणारेही पाहिले. फॉर्म भरता न येणारे खूप. नाव, वय, गाडी नंबर, तारीख. चौकटी छोट्या आणि माणूस घाबरलेला. रांगेतला एखादा कॉलेजचा पोरगा पुढे होऊन चार-पाच जणांचे फॉर्म भरून द्यायचा. अशा पोरांना मी खिडकीतूनच शाबासकी द्यायचो.

पुढे मोबाइल आला आणि काही जण म्हणू लागले, आता खिडकी कशाला हवी? ज्याच्या हातात मोबाइल आहे, त्यात पैसे आहेत आणि गावात रेंज आहे, त्याला खरंच नको. पण फाट्याकडून आलेली, लुगड्याच्या गाठीतून दहाची नोट सोडणारी म्हातारी मोबाइलवर तिकीट काढणार नाही. तिला खिडकीत माणूस लागतो. तिने “परभणी” म्हटल्यावर “मावशी, आधी पॅसेंजर आहे की एक्स्प्रेस, बघा हं, भाडं वेगळं आहे,” असं सांगणारा माणूस.

पॅसेंजर गाडीचं मोल मला कोविडच्या काळात सगळ्यात जास्त कळलं. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजर गाड्या विशेष एक्स्प्रेस म्हणून धावू लागल्या. थांबे तेच, वेग तोच. कमीत कमी भाडं मात्र दहावरून तीस रुपये. शेजारच्या गावी जाणाऱ्याला तिप्पट. ज्येष्ठ नागरिकांची सवलतही त्याच महिन्यात थांबली. पुरुषांना चाळीस टक्के, स्त्रियांना पन्नास टक्के मिळायची. खिडकीत म्हातारी माणसं विचारायची, “आमची सूट कधी चालू होणार?” माझ्याकडे उत्तर नसायचं. मजूर, भाजीवाल्या, पासवाली पोरं यांनी रेल्वे सोडून जीप धरली. जीपमध्ये कोंबून बसलेली माणसं बघताना जीव तुटायचा. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी निवृत्त झालो. फेब्रुवारी २०२४ मध्ये साध्या गाड्यांचं जुनं भाडं परत आलं, दहा रुपयांचं तिकीट परत आलं, ही बातमी मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवली. ज्येष्ठांची सवलत मात्र आलेली नाही, आणि ती यावी असं मला मनापासून वाटतं.

आता पुन्हा बदल होतो आहे. अमृत भारत योजनेत सेलूचं नाव आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये देशातल्या ५०८ स्टेशनांच्या कामाची पायाभरणी झाली, त्यांत तेही आहे. मार्गाचं विद्युतीकरण झालं. वंदे भारत आधी जालन्यापर्यंत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत आली. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. ही शेवटची गोष्ट आमच्यासाठी सगळ्यात मोठी आहे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला स्टेशनात थांबावं लागतं, आणि थांबवली जाते ती पॅसेंजर. मोठी गाडी निघून जाईपर्यंत सातोन्याला किंवा पेडगावला पॅसेंजर उभी, उन्हात डबे तापलेले, आत घाटीत निघालेला रुग्ण. आयुष्यभर मी उशिराची घोषणा ऐकली आणि तिचं कारण प्रवाशांना समजावलं. दुसरा रूळ पडला की हे थांबणं कमी होईल.

नवी इमारत, सरकता जिना, रोषणाई हे सगळं यावं. निजामी राज्यात बांधलेल्या या जुन्या मार्गावर लोकांचं स्टेशन देखणं असावं, यात वाद नाही. पण खिडकीमागे बसलेल्या माणसाला विचाराल तर तो आधी दुसऱ्याच गोष्टी मागेल. पॅसेंजर गाड्यांची संख्या वाढावी आणि त्यांचं भाडं गरिबाला परवडेल असंच राहावं. गाडीच्या वेळेला धरून देवगाव फाटा, जिंतूर, मंठ्याकडे एसटी सुटावी. रात्री उतरलेल्या बाईला लेकरू कडेवर घेऊन सकाळपर्यंत फलाटावर बसावं लागू नये. बायकांची प्रतीक्षा खोली रात्रीही उघडी असावी, नळाला पाणी असावं. आणि खिडकीत माणूस असावा, ज्याला इथली भाषा येते आणि इथली गावं ठाऊक आहेत.

वाचकांना, विशेषतः आमच्या पट्ट्यातल्या तरुणांना, एवढंच सांगतो. एखाद्या गाडीला थांबा द्यायचा की काढायचा, हे ठरवताना रेल्वे त्या स्टेशनची तिकीटविक्री बघते. आधी प्रायोगिक थांबा मिळतो आणि विक्री दिसली तर तो टिकतो. निवेदनं द्या, खासदारांना भेटा, ते करायलाच हवं. पण सेलूहून जाताना सेलूचं तिकीट काढूनच गाडीत चढा, अगदी एका स्टेशनचा प्रवास असला तरी. तुमचं दहा रुपयांचं तिकीट सेलूच्या हिशेबात जमा होतं आणि फाट्यापलीकडच्या कितीतरी गावांसाठी तिथे गाडी थांबत राहते.